तिचा फोटो, त्यांचा निधी

‘स्वतःचं सुंदर पोर्ट्रेट काढून घ्या आणि एका शेतकरी भगिनीच्या संसाराला हातभार लावा’ असं आवाहन करणारं पत्रक यंदा जिजाऊ जयंतीच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात आलं. पाठवणारा बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार. महिला दिनापर्यंत दर रविवारी स्टुडिओत बायकांचे फोटो काढायचे, चेहरा-केस करून द्यायला ब्यूटी पार्लरवाली ताई बसवलेली, पाच फोटो मिळणार, त्यातला एक फ्रेम करून. आणि जी फी जमेल ती सगळी ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विधवा भगिनींना’. (हा शब्दही ऐकून घ्या, मैत्रिणींनो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, तसं आत्महत्याग्रस्त. जणू आभाळातून कोसळलं, कुणाचाच काही हात नाही!) पत्रकाचा वरचा अर्धा भाग एका बाईने व्यापलेला. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो. तिचं नाव नाही, गाव नाही. सोबतच्या चिठ्ठीत आम्हाला विनंती होती की संस्थेने उद्‌घाटनाला ओळखीच्या चार-पाच विधवा आणाव्यात. त्यांचेही फोटो काढून स्टुडिओत लावले जातील, म्हणजे येणाऱ्या बायकांना ते पाहून द्यावंसं वाटेल.

आम्ही नाही म्हटलं. त्यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं. ‘पैसा कुठूनही येवो, गरीब बाईच्या घरात पडला तर तुमचं काय जातं?’ इथपासून ‘तुम्ही एम.एस.डब्ल्यू. शिकून आलेल्या, तुम्हाला तत्त्वं परवडतात’ इथपर्यंत. आमच्याच एका कार्यकर्तीने विचारलं, ‘ताई, त्यातून एकीला दोन-चार हजार मिळाले असते. ते तुम्ही कसे भरून देणार?’ हा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. म्हणूनच हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बाईने पैसे मोजून स्वतःचा फोटो काढून घ्यावा याला माझा विरोध नाही, उलट आनंदच आहे. आपल्याकडे बाईचा एकटीचा फोटो ही साधी गोष्ट कधी नव्हतीच. लग्नात नवऱ्याशेजारी, मग मांडीवर पोर घेऊन, मग सरकारी ओळखपत्रासाठी. खेड्यात एखादी म्हातारी गेली की तेरवीच्या आधी घरात शोधाशोध सुरू होते, भिंतीवर लावायला फोटो नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचं डोकं कापून मोठं करतात. आजूबाजूच्या बायकांचे खांदे पुसून टाकलेले असतात, त्याची छाया तेवढी राहते. मोबाइल आले, पण अनेक घरांत तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात. अशा ठिकाणी चिखलीची एखादी शिक्षिका किंवा मेहकरची आशाताई स्वतःच्या पगारातून पैसे काढते, कुणाची बायको-आई म्हणून नव्हे तर एकटी खुर्चीवर बसते, नजर समोर ठेवते आणि ‘हा चांगला नाही आला, दुसरा काढा’ म्हणते, हे मला महत्त्वाचं वाटतं. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशींचा एका जपानी आणि एका सीरियन सहाध्यायिनीबरोबर काढलेला फोटो आपण आजही पोस्टरांवर लावतो. का लावतो? त्यात तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, विद्यार्थिनी म्हणून बसल्या आहेत. दया मागायला कुणी बसलेली नाही.

छायाचित्रकाराशीही भांडण नाही. रविवारचे त्याचे कष्ट, दिव्यांचा आणि छपाईचा खर्च, हे तो देत असेल तर ते खरं दान आहे. उद्धव ठाकरे यांनी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात स्वतः काढलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि विक्रीचा पैसा दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी दिला. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, त्या व्यवहारात मला खोट दिसत नाही. काढणाऱ्याची कला, घेणाऱ्याची हौस, पैसा तिसऱ्याला. त्यासाठी दुष्काळात होरपळलेल्या कुणाला भिंतीवर टांगावं लागलं नाही.

भांडण सुरू होतं ते पत्रकाच्या वरच्या अर्ध्या भागाशी.

एकाच स्टुडिओत दोन बायका बसणार आहेत असं धरा. पहिली फी भरणारी. ती कोणती साडी नेसायची ते ठरवते, दहा फोटोंतून पाच निवडते, उरलेले पुसून टाकायला सांगते, फोटो घरी नेते. दुसरी, जिच्या नावाने हे सगळं चाललंय ती. तिला कसं बसायचं ते सांगितलं जातं, फोटो निवडतो तो दुसराच कुणी, तो लागतो दुसऱ्याच्या भिंतीवर, आणि ती घरी जाते रिकाम्या हाताने किंवा एक पाकीट घेऊन. आपला कायदाही या भेदावर शिक्का मारतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन जिने फोटो काढवून घेतला, तिच्याकडे, वेगळा करार नसेल तर, त्या फोटोची पहिली मालकी. म्हणजे शिक्षिकेचा फोटो शिक्षिकेचा. विधवेने पैसे दिले नाहीत, ‘काढा’ असंही म्हटलं नाही, म्हणून तिच्या चेहऱ्याचा फोटो काढणाऱ्याचा, नाहीतर पैसे देऊन काढायला लावणाऱ्या संस्थेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, हे खरं. पण जी बाई एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाचे पैसेसुद्धा मोजून तहसीलला जाते, ती हा हक्क घेऊन कोणत्या कोर्टात उभी राहणार?

सिंदखेड राजा तालुक्यातल्या एका गावातली बाई मला म्हणाली होती, ‘ताई, माहे फोटो तं लय काढले त्याईनं, पेपरवाले आले, संस्थावाले आले. मले एक बी नाही देल्ला.’ तिला खंत फोटो काढल्याची नव्हती, न दिल्याची होती. याच बाईने संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी, बँकेच्या खात्यासाठी, शाळेतल्या पोरीच्या कागदांसाठी गावातल्या फोटोवाल्याला पदरचे पैसे मोजून पासपोर्ट फोटो काढून घेतलेत. त्यातले दोन उरलेले प्लास्टिकच्या पिशवीत, मृत्यूच्या दाखल्याबरोबर जपून ठेवलेत. दुसऱ्यांनी काढलेल्या तिच्या फोटोंवर बातम्या झाल्या, अहवाल झाले, निधी आला. तिच्या घरात मात्र तिचा स्वतःचा फोटो म्हणजे ते दोन.

आपल्या भागात कॅमेरा असा घाऊक भावात आला तो २००६ नंतर. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा व बुलढाणा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पॅकेजमागोमाग कॅमेरे आले. त्यांच्याबरोबर एक ठरलेली बैठकही आली : मातीची भिंत, दारात किंवा जमिनीवर बसलेली बाई, मांडीवर नवऱ्याची तसबीर, शेजारी लहान पोर. हा फोटो तुम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्यातली बाई कोण याने काही फरक पडत नाही. तीच तर या फोटोची सोय आहे. ती पेरणी करते, सोयाबीन सोंगते, कापूस वेचून घर चालवते, सावकाराशी बोलते, यातलं काही त्या बैठकीत मावत नाही. मावतो तो फक्त मेलेला नवरा. पितृसत्ता बाईला नवऱ्यावरून ओळखते, हे आपण शिबिरातून सांगत आलो. इथे नवरा गेल्यावरही तिने त्याला हातात धरून बसायचं, तरच तिची ओळख पटते.

(सरकारही काही वेगळं नाही. २०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी पतीचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचे दोघेही गेलेले, त्या बायका मोबाइल हातात घेऊन अंगणवाडीच्या दारात उभ्या राहिल्या. ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला देण्याची वाट काढली गेली. म्हणजे तिथेही मेलेल्या पुरुषाचा कागद दाखवूनच ती जिवंत ठरली.)

आणि कपाळाचं काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्याकडेही काही बायकांनी हिंमत केली. टिकली लावली, हिरवी साडी नेसली, हळदी-कुंकवाला गेल्या. सासूचे टोमणे, भावकीच्या नजरा झेलून. अशाच एकीला फोटो काढायला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर सांगितलं, ‘टिकली काढता का थोडा वेळ? दुःख दिसत नाही.’ ती माझ्याकडे बघायला लागली. मी त्यांना दार दाखवलं, ते सोडा. पण विचार करा, जी टिकली लावायला तिला तीन वर्षं लागली, ती निधीसाठी पाच मिनिटांत काढायला सांगितली जाते. गावातले जुने लोक धर्माच्या नावाने काढायला सांगत होते, हे दानाच्या नावाने सांगत होते. त्या बाईच्या कपाळाच्या दृष्टीने दोन्हीत काय फरक?

विधवेला समोर उभं करून तिच्याविषयी सगळ्यांनी बोलायचं आणि तिला कुणी विचारायचं नाही, याची चीड येऊन पेटलेली पहिली बाई याच बुलढाण्याची होती. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर प्रवचनं सुरू झाली. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्या प्रवचनकारांना त्यांचीच पातकं मोजून दाखवली. तेव्हा विधवा लोकांच्या नैतिक संतापाचं साधन होती, आज ती लोकांच्या करुणेचं साधन आहे. करुणा संतापापेक्षा बरी, हे मान्य. पण साधन ती साधनच राहिली!

दानासाठी दैन्याचे फोटो हा प्रकार फोटोइतकाच जुना आहे. लंडनमध्ये १८७० च्या दशकात डॉ. बर्नार्डो यांच्या अनाथाश्रमाने मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढून त्यांची कार्डं विकली. आधी फाटके कपडे, नंतर स्वच्छ सदरा आणि हातात काम. पुढे आरोप झाला की ‘आधी’चे फोटो मुद्दाम तसे सजवून काढले आहेत. १८७७ मध्ये लवादासमोर प्रकरण गेलं आणि या बनावावर ठपका आला. ज्या मुलांचे अंगरखे फोटोसाठी आणखी फाडले असतील, त्यांना काय वाटलं असेल ते कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

अमेरिकेतल्या मंदीत, मार्च १९३६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळ डोरोथिया लँग या सरकारी कामावरच्या छायाचित्रकार बाईंनी वाटाण्याच्या मळ्यावरच्या एका मजूर आईचा फोटो काढला. दोन पोरं खांद्यावर मान टाकून, तिसरं मांडीवर, आणि तिचा हात गालाशी. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी तो एक. फोटो छापून आल्यावर सरकारने त्या मजूर-छावणीला वीस हजार पौंड वजनाचं अन्न पाठवलं, हे खरं आणि मोलाचं. पण ते पोचलं तेव्हा ती बाई आणि तिची पोरं काम शोधत पुढे निघून गेली होती. लँगबाईंनी तिचं नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे तिचं नाव जगाला कळलं ते १९७८ साली. तेव्हा ती म्हातारी होती आणि त्या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं, असं तिचं म्हणणं होतं. लक्षात घ्या, फोटो काढणारी बाईच होती, हेतू चांगलाच होता, आणि मदतही खरोखर आली. तरी त्या फोटोतल्या बाईची तक्रार चाळीस वर्षांनी तशीच उभी होती. ‘अहो, आमचा हेतू चांगला आहे’ असं जे आपल्याला सांगतात, त्यांच्यासाठी मी हे उदाहरण ठेवून दिलंय.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडमधल्याच यॉर्कशरची. रिलस्टन गावच्या महिला मंडळातल्या एका बाईचा नवरा १९९८ साली रक्ताच्या कर्करोगाने गेला. मैत्रिणींनी ठरवलं की आपल्याच फोटोंचं कॅलेंडर काढून पैसा उभा करायचा. पंचेचाळिशी-साठीच्या बायका, केकच्या ताटांमागे आणि फुलांच्या कुंड्यांमागे विवस्त्र. १९९९ मध्ये ते निघालं आणि आजवर त्यातून कर्करोगाच्या संशोधनाला पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम गेली. आपल्याला ते धाडस रुचेल न रुचेल, तो वेगळा वाद, आणि आपल्याकडे नक्की होईल. माझा मुद्दा एवढाच की तिथे दुःख त्यांचं, देह त्यांचा, निर्णय त्यांचा. कुणी दुसऱ्यांनी त्या विधवेला हातात नवऱ्याचा फोटो देऊन बसवलं नव्हतं. पंडिता रमाबाईंनीही अमेरिकेत विधवांसाठी पैसा उभा केला तो स्वतःच्या लेखणीवर आणि वाणीवर. १८८७ साली त्यांचं पुस्तक निघालं, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. त्या स्वतः विधवा होत्या आणि बोलतही त्या स्वतःच होत्या.

आता पैशाकडे येऊ, कारण आमच्या कार्यकर्तीचा प्रश्न पैशाचाच होता.

अशा उपक्रमातून एका बाईला नेमकं काय मिळतं? मी पाहिलंय ते असं : एक पाकीट, एक साडी आणि शिलाई मशीन. या शिलाई मशीनवर एकदा कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. शेतात राबणाऱ्या बाईला, जिला खताचा भाव आणि नाफेडच्या केंद्रावरची रांग पाठ आहे, तिला नवरा गेल्यावर सगळं जग शिंपी का करायला निघतं? शेतकरी मेला असं म्हणताना शेतकरी तो एकटाच होता असं धरलेलं असतं. ती शेतकऱ्याची बायको. म्हणून तिला जमीन, पीककर्ज, बियाणं देण्याऐवजी मशीन. मशीनबरोबर फोटो फार चांगला येतो, हेही आहेच.

तिचं खरं येणं कुठे अडकलंय? शासनाच्या २००६ च्या निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाखाची मदत ठरली. तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवं. जमीन कुटुंबाच्या नावावर, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं, आणि वसुलीचा तगादा, या चौकटीत मरण बसलं तर पात्र. हातउसने घेतलेले, कृषी केंद्रावरची उधारी, बिनपरवान्याच्या सावकाराची चिठ्ठी, यात बसलं तर अपात्र. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांचा अभ्यास केला. नवऱ्यामागे ज्या शेतात त्या राबत होत्या, ते शेत ४० टक्के जणींच्या नावावर अजून झालेलं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. पण कायद्यातली वारस आणि सातबाऱ्यावरची वारस यांच्यामध्ये सासरा, दीर, तलाठ्याच्या चकरा आणि फेरफाराची नोंद उभी असते. या स्त्रियांच्या संघटनांनी रेटा लावल्यावर २०१९ मध्ये महसूल विभागाने त्यांच्या वारसनोंदी, रेशनकार्ड, योजनांचे लाभ यांसाठी वेगळे आदेश काढले. तो कागद घेऊन तहसीलमध्ये गेलात तर समोरचा कारकून तो पहिल्यांदाच पाहतो आहे असा अनुभव आजही येतो.

म्हणून त्या कार्यकर्तीला माझं उत्तर असं की दोन-चार हजार भरून देणं मला जमणार नाही. पण जिचा चेहरा स्टुडिओत लावून ते दोन-चार हजार येणार होते, तिच्या नावावर दोन एकर व्हायची आहेत. जिल्ह्यातली जी शंभर प्रतिष्ठित माणसं रविवारी स्टुडिओत येऊन डोळे ओले करतील, त्यातली काही तिच्याच गावच्या सोसायटीची संचालक असतील, काही कृषी केंद्राची मालक, काही महसूलची अधिकारी. त्यांना फोटोसमोर रडून हलकं होऊ देणं हे आपल्या फायद्याचं नाही. दान देऊन झालं की माणूस स्वतःला देणेकरी समजत नाही. तिला आपण घेणेकरी म्हणून उभं करायचा प्रयत्न करतो आहोत, आणि हा स्टुडिओ तिला पुन्हा याचक म्हणून बसवतो.

हिशेबाचा मुद्दा थोडक्यात. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं. आपली गणपती मंडळंसुद्धा ते करतात. ‘सगळी फी विधवांना’ म्हणजे खर्च वजा जाता की आधी, कोणत्या विधवांना, निवडणार कोण, यादी कुठे लागणार, हे विचारलं की माणसं दुखावतात. दुखावू देत. फोटोच्या बदल्यात पैसे देणारीनेही हे विचारलं पाहिजे, तो तिचा हक्क आहे.

आणि आता जरा आपल्या घरात डोकावू. आपल्यातल्या किती संस्थांचे वार्षिक अहवाल याच फोटोंनी भरलेले आहेत? देणगीदार संस्था ‘केस स्टडी, फोटोसह’ मागते, आपण धाडतो. मारहाण झालेल्या बाईचा सुजलेला डोळा, परित्यक्ता मेळाव्यातली रडणारी बाई. सहीच्या जागी अंगठा घेतलेला संमतीचा कागद फायलीत असतो. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं होतं का, हा फोटो मुंबईत, दिल्लीत, परदेशात कुठेही छापला जाईल, तुझ्या सासरी कुणीही मोबाइलवर पाहील, असं सांगितलं होतं का? ‘आमच्या कार्यालयात येऊन तू नाही म्हणालीस तरी तुझं काम होईल’, हे वाक्य संमती मागण्याआधी बोललं गेलं का? हे वाक्य न बोलता घेतलेली संमती ही संमती नव्हे. मदत मागायला आलेली बाई आपल्याला कशालाच नाही म्हणत नाही, हे समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

मग चांगल्या मनाच्या छायाचित्रकाराने करायचं काय? त्याचं एक उत्तर २००९ साली अमेरिकेतल्या एका छायाचित्रकाराने, जेरेमी कावर्टने दिलं. ‘हेल्प-पोर्ट्रेट’ नावाने त्याने सुरू केलेल्या उपक्रमात छायाचित्रकार गरजू माणसांचे चांगले फोटो काढतात, छापतात आणि त्यांनाच देऊन टाकतात. प्रदर्शन नाही, निधी नाही, जाहिरात नाही. ज्याचा फोटो त्याच्या हातात, संपलं. यात क्रांती नाही, पण निदान दिशा सरळ आहे. आमच्याकडे हे झालं तर बायका रांग लावतील. कुणाला पोरीबरोबर हवा असेल, कुणाला बैलजोडीबरोबर, कुणाला नुसता एकटीचा, निळ्या पडद्यासमोर, टिकली लावून. हवा असेल तर नवऱ्याच्या तसबिरीबरोबरही, तिने म्हटलं तर.

त्या छायाचित्रकारांनाही आम्ही हेच लिहून कळवलं आहे. फी भरणाऱ्या बायकांचे फोटो जरूर काढा, पत्रकावर त्यांच्यापैकीच जी तयार असेल तिचा फोटो छापा. विधवांचे काढायचे असतील तर तेवढेच चांगले दिवे लावून, तेवढेच पाच, तिने निवडलेले, फ्रेमसह, तिच्या घरी. आणि मालकी तिची, असं एका कागदावर मराठीत लिहून, वाचून दाखवून, त्याची प्रत तिच्याकडे. जमलेला पैसा वाटायचा असेल तर पाकिटं नकोत. जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत वारसनोंदीची अर्धवट पडलेली प्रकरणं पुरी करायला वकिलाची फी, नकला, प्रवासखर्च यासाठी तो वापरावा. अपात्र ठरलेल्या प्रकरणांत फेरविचाराचे अर्ज करायचे आहेत, त्यासाठीही. या कामाचे फोटो चांगले येत नाहीत, हे मान्य आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने एक काम करावं असं सुचवते. आपापल्या कार्यालयातली कपाटं, अल्बम, भिंती आणि संगणकातले फोल्डर उघडा. त्यात असलेल्या बायकांची नावं आठवून, विचारून लिहून काढा. ज्यांचा पत्ता लागेल त्यांच्या घरी फोटोची छापील प्रत घेऊन जा आणि विचारा, हा आमच्याकडे राहू द्यायचा की नाही. जी नको म्हणेल तिचा फोटो भिंतीवरून, अहवालातून आणि संकेतस्थळावरून काढा, देणगीदार संस्थेलाही तसं कळवा. किती प्रती पोचल्या, किती जणी नको म्हणाल्या आणि किती जणींचं नावच कुणाला आठवलं नाही, हे तीन आकडे अंकाकडे पाठवा. आमच्या जिल्ह्याचे आम्ही पाठवतो आहोत.